दोन विद्यांचे उपासक : प्रोफेसर दामोदर धर्मानंद कोसंबी

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आमच्या पालम गावी, तसेच तालुक्यातील खेड्यापाड्यांतून, घरोघरी एकच विचार सुरू होतो : मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येत असे. कला, वाणिज्य अथवा शास्त्र यांपैकी एक वाट धरावी आणि तिनेच शेवटपर्यंत जावे, अशी रीत होती. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये महाविद्यालयात एका मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचाही विषय घेण्याची मोकळीक मिळू लागली आहे. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने तर एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यासही अनुमती दिली. त्यामुळे एक नवाच पेच उत्पन्न झाला आहे. आईबाप म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या करण्यात काय अर्थ? मुले म्हणतात, दोन विषय येत असले तर एक बुडाला तरी दुसरा तारील. या वादात सत्य कोणाच्या बाजूस आहे, हे नुसत्या उपदेशाने ठरणारे नाही. ज्याने हा प्रयोग स्वतःच्या आयुष्यात करून पाहिला व त्याचे मोलही चुकविले, अशा एखाद्या पुरुषाचे चरित्र पाहणे अधिक हितावह होय. म्हणून गणित व इतिहास या दोन विद्यांची जन्मभर उपासना करणारे प्रोफेसर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्या काळी गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांचे आयुष्य हे विद्येच्या ध्यासाचे एक विलक्षण उदाहरणच आहे. भगवान बुद्धाच्या धर्माचे मूळ ग्रंथ आपण स्वतः वाचावेत, या एका इच्छेने ते तरुणपणी घरदार सोडून निघाले. पुणे व काशी येथे संस्कृत शिकून ते नेपाळ, सिलोन व ब्रह्मदेश येथवर गेले, आणि पाली भाषेत त्यांनी असा अधिकार मिळविला की अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस बोलावून घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली भाषेचे अध्यापक होते. ज्या घरात पिता विद्येसाठी देशोदेशी पायपीट करून आलेला, त्या घरातील मुलास श्रमाचे भय कोठून असणार?

१९१८ साली हार्वर्डचे प्रोफेसर लॅनमन यांच्या बोलावण्यावरून धर्मानंद पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांस बरोबर नेले. विशुद्धिमग्ग नावाच्या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करणे, हे धर्मानंदांचे काम होते. दामोदर तेथील केंब्रिज गावच्या शाळेत जाऊ लागला. परकी भाषा, परके हवामान; तरी थोड्याच वर्षांत तो वर्गातील अग्रेसर विद्यार्थी झाला. तो बालवीर पथकातही होता. शालेय परीक्षेत त्याने असे यश मिळविले की हार्वर्ड विद्यापीठाने त्यास प्रवेशपरीक्षेतून सूट दिली. मध्यंतरी काही काळ तो स्वदेशी येऊन वडिलांजवळ राहिला. धर्मानंद त्या वेळी अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात काम करीत होते. १९२६ च्या जानेवारीत पितापुत्र पुन्हा अमेरिकेस गेले, आणि दामोदरपंतांचा महाविद्यालयीन अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा प्रसंग येथेच आहे. हार्वर्ड येथे जॉर्ज बर्कहॉफ हे त्यांचे गणिताचे गुरू. बर्कहॉफ हे त्या काळच्या अमेरिकेतील अग्रगण्य गणिती होते. या हिंदी विद्यार्थ्याची बुद्धी त्यांनी ओळखली, आणि त्याने आपले सारे लक्ष गणितावरच केंद्रित करावे, अशी इच्छा दर्शविली. गुरूचा सल्ला प्रेमाचा होता आणि अनुभवाचाही होता. परंतु शिष्याने तो मानला नाही. गणित तर त्यांनी केलेच, पण त्याबरोबर भाषा व इतर अनेक विषय घेतले, आणि जो विषय घेतला त्यात उत्तम गुण मिळविले. १९२९ साली त्यांना सर्वोच्च श्रेणीत बी. ए. ची पदवी मिळाली, आणि फाय बीटा कॅपा या नामांकित विद्वत्संस्थेचे सभासदत्वही लाभले. परंतु पीएच. डी. न करताच ते त्याच वर्षी स्वदेशी परतले, आणि ती पदवी त्यांनी पुढे कधीच घेतली नाही. गुरूच्या सांगण्याप्रमाणे ते एकाच वाटेने गेले असते तर काय झाले असते, हे कोण सांगणार? जे घडले ते मात्र आपल्यापुढे आहे.

स्वदेशी आल्यावर ते प्रथम काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात अध्यापक झाले. तेथे गणिताबरोबर ते जर्मन भाषाही शिकवीत. पुढे आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाने त्यांस अलीगढ येथे नेले. तेथून ते पुण्यास आले, आणि जेथे वडिलांनी पाली शिकविली त्याच फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. या सर्व काळात त्यांचे भूमितीविषयक निबंध प्रसिद्ध होत होते. आणि त्यांपैकी काही त्यांनी फ्रेंच, जर्मन व इटालियन नियतकालिकांत त्या त्या भाषेतच लिहिले. गणिताच्या विद्यार्थ्याने भाषा शिकण्यात वेळ का दवडावा, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. येथवर पाहता ते केवळ एक थोर गणितीच होते.

मग इतिहासाकडे ते वळले कसे? ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. त्यांना सांख्यिकी, म्हणजे पुष्कळशा मोजमापांतून निश्चित निष्कर्ष काढण्याचे शास्त्र, नीट आत्मसात करावयाचे होते. पुस्तकातील उदाहरणे सोडवून समाधान मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारातील प्रश्न हाती घेतले. प्रथम विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण तपासून पाहिले. त्यानंतर त्यांची दृष्टी जुन्या नाण्यांकडे गेली.

आपल्या देशातील अतिप्राचीन नाणी चांदीची असून त्यांवर राजाचे नाव नाही की सालही नाही. चांदीच्या लहानशा तुकड्यावर सूर्य, चक्र, डोंगर, प्राणी अशी चिन्हे ठोकलेली असतात. म्हणून त्यांस आहत नाणी म्हणतात. मागील बाजूसही कित्येकदा बारीक खुणा दिसतात. कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे, हे कसे ओळखावे? विद्वान लोक चिन्हांवरून तर्क लढवीत होते. कोसंबी यांनी हाती तराजू घेतला. त्यांचा विचार असा : नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक खेपेस त्याचा अत्यल्प अंश झिजतो. एका नाण्याकडे पाहून काहीच सांगता येणार नाही, कारण एक पेटीत पडून राहते तर दुसरे बाजारात फिरते. पण शेकडो नाणी घेतली, तर जी अधिक काळ चलनात राहिली त्यांचे सरासरी वजन कमी भरले पाहिजे, आणि त्यांच्या वजनांतील परस्पर तफावतही वाढली पाहिजे. हा विचार खरा की खोटा, हे पाहण्यासाठी त्यांनी आधी आपल्याच काळातील चलनी नाणी तोलली. कारण त्यांवर टाकसाळीचे वर्ष छापलेले असते, आणि उत्तर ताडून पाहता येते. ही कसोटी उतरल्यावरच त्यांनी तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या साठ्यांतील नाणी एकेक करून तोलली. तेव्हा असे आढळले की मागील बाजूस जितक्या खुणा अधिक, तितके सरासरी वजन कमी. म्हणजे त्या खुणा शोभेच्या नव्हत्या. नाणे चलनात असताना वेळोवेळी पारखून त्या उमटविलेल्या होत्या. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बाजार त्या झिजलेल्या चांदीतून बोलू लागला.

येथे गणित व इतिहास ही दोन शास्त्रे एका तराजूत येऊन बसली. नुसत्या गणितज्ञास ही नाणी तोलण्याचे सुचले नसते, आणि नुसत्या इतिहासज्ञास तोलूनही त्या वजनांचा अर्थ लागला नसता.

परंतु एका प्रश्नाच्या पोटी दुसरा प्रश्न असतोच. नाण्यांचा क्रम लागला. पण ती पाडणारे राजे कोणते? त्यासाठी पुराणे व बौद्ध आणि जैन ग्रंथ पाहणे प्राप्त झाले. त्यांत एकाच राजाची नावे निरनिराळी. मग मूळ ग्रंथ वाचावयाचे तर संस्कृत हवे. कोसंबी संस्कृताकडे वळले ते असे, प्रश्नाचा पाठलाग करीत. ते अध्ययनही त्यांनी आपल्या रीतीनेच केले. भर्तृहरीची सुभाषिते आपल्याकडे घरोघरी पाठ असतात. पण भर्तृहरीचे श्लोक नक्की कोणते व मागाहून घुसडलेले कोणते, हे कोणीच निश्चित केलेले नव्हते. कोसंबी यांनी देशभरची शेकडो हस्तलिखिते मिळवून, शब्दाशी शब्द ताडून, त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी रचलेला सुभाषितरत्नकोश हा संग्रह त्यांनी वि. वि. गोखले यांच्या साह्याने संपादिला. तो १९५७ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत बेचाळिसावा ग्रंथ म्हणून निघाला. त्याच मालेतील एकेचाळिसावा ग्रंथ कोणता? ज्यासाठी अकरा वर्षांच्या दामोदरास घेऊन धर्मानंद अमेरिकेस गेले होते, तो विशुद्धिमग्ग. तो १९५० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. पिता व पुत्र यांचे ग्रंथ असे पाठोपाठ आले, हा योग ज्यास अपत्यप्रेम व पितृप्रेम ठाऊक आहे त्याचे अंतःकरण हलविल्यावाचून राहणार नाही.

ग्रंथांवरही त्यांचे समाधान झाले नाही. इतिहास हा पुस्तकांतच नसून शेतात, पायवाटेवर व गावाबाहेरील दगडी दैवतांतही आहे, असे त्यांचे मत होते. हाती काठी घेऊन ते पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवीत, दगडी हत्यारांचे बारीक तुकडे वेचीत, म्हसोबा व मातृदेवता यांच्या ठाण्यांची माहिती धनगर व शेतकरी यांजकडून विचारून घेत. कार्ले येथील लेण्यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. पंढरीची वारी ज्या वाटांनी जाते त्या वाटा, गुरेमेंढरे घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरणाऱ्या अतिप्राचीन लोकांच्या वाटा असाव्यात, असा विचार त्यांनी मांडला. आमच्या गोदावरीच्या खोऱ्यातूनही दरसाल आषाढात दिंड्या पंढरीस जातात. त्या वाटेने चालणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी ती वाट किती जुनी असेल याचा विचार केला आहे? या सर्व परिश्रमांचे फळ म्हणजे १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ. राजांच्या वंशावळी पाठ करण्याऐवजी लोक काय पिकवीत, कोणती अवजारे वापरीत व एकमेकांशी कोणत्या संबंधाने बांधलेले होते, हे विचारण्याची दिशा त्याने पुढील पिढीस दाखविली.

त्यांच्या एका लहान निबंधाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण त्याचा संबंध शेतीशी आहे. १९४४ साली त्यांनी अनुवंशशास्त्रावर अवघ्या काही पानांचा एक निबंध लिहिला. आईबापांचे गुण संततीत उतरताना त्यांची जी फेरजुळणी होते, तीवरून त्या गुणांची बीजे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे काढण्याचे एक सूत्र त्यात आहे. ते सूत्र कोसंबी यांच्या नावानेच जगभर ओळखले जाते, आणि पिकांच्या बीजगुणांचे नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आजही ते वापरतात. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि परभणी मोती ही रब्बी ज्वारी आमच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. आमच्यापैकी जो विद्यार्थी पुढे तेथे बीजशास्त्र शिकावयास जाईल, त्यास एका गणितज्ञाचे हे नाव तेथील पुस्तकात भेटल्यावाचून राहणार नाही.

आता या उपासनेचे मोल काय पडले, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर चरित्र हे चरित्र न राहता नुसती स्तुती होईल. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, आणि होमी भाभा यांनी कोसंबी यांस तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलाविले. पुण्याहून डेक्कन क्वीन गाडीने ते मुंबईस जात व सायंकाळी परत येत. आरंभी सर्व ठीक चालले. पुढे त्यांचे चित्त इतिहासात अधिकाधिक रमू लागले. जागतिक शांततेच्या चळवळीतही ते पडले. आणि आपल्या उष्ण देशाने अणुशक्तीपेक्षा सूर्याच्या शक्तीचा उपयोग करावा, असे ते उघडपणे प्रतिपादू लागले. शेवटी १९५९ साली त्यांनी रीमान या जर्मन गणितज्ञाच्या एका प्रसिद्ध सिद्धान्ताची सिद्धता आपणांस सापडल्याचे जाहीर केले, आणि तेही गणिताच्या नव्हे तर कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. मूळ संख्यांविषयीचा हा प्रश्न आजवर कोणासही सुटलेला नाही. कोसंबी यांची सिद्धताही टिकली नाही, आणि गणितज्ञांत त्यांच्या नावास बाध आला. १९६२ साली संस्थेतील त्यांची मुदत संपली, ती पुन्हा वाढविण्यात आली नाही. पुढे १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांस मानाची जागा दिली, व पुण्यातच त्यांचे काम चालू राहिले.

हा सारा दोष दुसऱ्या विद्येचा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. नाण्यांच्या बाबतीत आपला विचार आधी चलनी नाण्यांवर पारखून मगच पुढे पाऊल टाकणारे कोसंबी, या गणिताच्या बाबतीत ती पारख होण्याआधीच पुढे गेले. दोष दोन विषयांचा नसून, एका विषयातील उत्तर त्या विषयाच्या जाणत्यांपुढे कसास लावून न घेण्याचा होता. दोन विद्या शिकणाऱ्यास हा मोह नेहमीच असतो : या विद्येचे लोक विचारू लागले की त्या विद्येच्या घरात शिरावे, आणि तेथील लोक विचारू लागले की इकडे यावे. हा मोह ज्यास आवरता येईल त्यानेच दोन घरे करावीत.

२९ जून १९६६ रोजी पुण्यास वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कोसंबी यांचे निधन झाले. २००८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि गोव्यात त्यांच्या नावाने विचारमहोत्सव सुरू झाला. त्यांची सर्वच मते आम्हांस मान्य आहेत असे नव्हे. ते मार्क्सच्या विचारांचे होते, आणि धर्माकडे श्रद्धेने न पाहता इतिहासाच्या दृष्टीने पाहत. आम्ही ख्रिस्ती लोक या ठिकाणी त्यांच्यापासून वेगळे आहो. परंतु सत्यासाठी श्रम करणारा मनुष्य आपल्या मताचा नसला तरी तो आदरास पात्रच आहे.

मग आमच्या विद्यार्थ्यांनी दोन विषय घ्यावेत की न घ्यावेत? या चरित्रावरून आम्हांस जे दिसते ते असे. दुसरा विषय जर केवळ प्रमाणपत्रांची संख्या वाढविण्यासाठी, अथवा शेजारच्या मुलाने घेतला म्हणून घ्यावयाचा असेल, तर तो न घेणेच बरे. दोन डगरींवर हात ठेवणारा मध्येच पडतो, हे आईबापांचे म्हणणे तेथे अक्षरशः खरे ठरेल. आणि सोयाबीन अथवा कापूस विकून भरलेली फी व्यर्थ जाईल. परंतु पहिल्या विषयाचा अभ्यास करताना मनात असा प्रश्न उभा राहिला की ज्याचे उत्तर दुसऱ्या विषयावाचून मिळत नाही, तर तो दुसरा विषय अवश्य घ्यावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यास आकडेशास्त्र, शेतीच्या विद्यार्थ्यास गणित, शास्त्राच्या विद्यार्थ्यास एखादी परकी भाषा, ही ओझी नसून अवजारे आहेत. मात्र घेतलेल्या प्रत्येक विषयास त्याचे पुरते श्रम द्यावे लागतील, ही खूणगाठ आधी बांधावी. दिवसाचे तास कोणासही चोविसाहून अधिक मिळत नाहीत. दुसऱ्या विषयाचे तास झोपेतून, खेळातून व गप्पांतून काढावे लागतात.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आपल्या पाल्याने दुसरा विषय मागितला तर लगेच नाही म्हणू नये, आणि लगेच हो असेही म्हणू नये. त्यास एवढेच विचारावे की, बाळा, या दोन विषयांना जोडणारा तुझा प्रश्न कोणता? त्यास उत्तर देता आले तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. उत्तर देता आले नाही, तर त्याने एकच विषय धरून तो मुळापासून शिकावा. पुढे प्रश्न आपोआप उत्पन्न होईल, आणि कोसंबी यांच्याप्रमाणेच त्यास दुसऱ्या विद्येच्या दारापर्यंत घेऊन जाईल. शुभवर्तमानातील दृष्टान्तात धन्याने कोणत्या चाकरास किती द्रव्य मिळाले हे विचारले नाही. मिळालेल्या द्रव्याचे त्याने काय केले हे विचारले. विद्येचाही हिशेब असाच द्यावा लागणार आहे.